हिम पडल्यावर मूरवर जायचं तर काळे तुकडे शोधा

प्रश्न असा आला आहे: "सप्टेंबरात नाशिकहून शेफील्डला शिकायला आलो. नांदूरमध्यमेश्वरला दर हिवाळ्यात जायचो, त्यामुळे दुर्बीण सोबत आणली आहे. या शनिवारी हिमवर्षावाचा पिवळा इशारा आहे. वरच्या मूरवर (डोंगरमाथ्यावरच्या उघड्या, झुडपी माळावर) आणि तिथल्या धरणांवर अशा वेळी पक्षी असतात का, की सगळे खाली निघून जातात? गाडी नाही. एकट्याने जाणं कितपत शहाणपणाचं?"

पक्षी असतात. पण तुम्हाला नांदूरमध्यमेश्वरची सवय आहे म्हणून आधीच सांगते. तिथे मनोऱ्यावर चढलं की तासाभरात वहीचं पान भरतं. इथे हिमात अख्ख्या दिवसात पंधरा जाती झाल्या तर आम्ही घरी येऊन दिवस चांगला गेला म्हणतो. पीक डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शेफील्डलगतच्या डोंगराळ भागातल्या, मूरवर मी गेली बावीस वर्षं हिंडते आहे आणि एका धरणावरची बदकं दर महिन्याला मोजते. चार तासांत सहा जाती, असाही दिवस काढला आहे. तरी हिम पडला की पाय घरात ठरत नाही, आणि त्याचं कारण जातींच्या संख्येत नाही.

आधी एका शब्दाचा घोळ मिटवू. आपण आकाशातून पडतो त्यालाही बर्फ म्हणतो आणि पाणी गोठतं त्यालाही. पक्ष्यांच्या लेखी या दोन वेगळ्या आपत्ती आहेत. हिम जमिनीवरचं अन्न झाकतो, बर्फ पाण्याला झाकण घालतो, आणि दोन्ही एकाच दिवशी येतीलच असं नाही. म्हणून खाली पडतो तो हिम आणि गोठून होतो तो बर्फ, असंच मी लिहिणार आहे.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात आपल्याकडे तळी आटतात तेव्हा काय होतं ते तुम्ही पाहिलं असेल. उरलेल्या डबक्याभोवती सगळी पाखरं गोळा होतात. उजनीचं पाणी उतरलं की भिगवणला रोहित चिखलावर दाटीने उतरतात, तसंच. इथे ते काम हिम करतो. डोंगर पांढरा झाला की खाण्यापिण्याच्या जागा दहापट आकसतात आणि जे पक्षी मागे राहिले आहेत ते उरलेल्या तुकड्यांवर येतात. म्हणून पांढऱ्या पसाऱ्यावर दुर्बीण फिरवत बसू नका. वर पोचलात की पाच मिनिटं नुसत्या डोळ्यांनी काळं काय उरलंय ते बघा: वाऱ्याने झाडून काढलेला कडा, दगडी भिंतीची आडोशाची बाजू, मेंढ्यांसाठी गवत टाकलेली जागा, न गोठलेला झरा, धरणातलं उघडं पाणी. मग त्या प्रत्येक तुकड्यावर दुर्बीण लावा. माझं निम्मं पक्षीनिरीक्षण एवढ्यावर चालतं.

निघून जाणारेही आहेतच. सोनचिखल्याचा इथला भाऊबंद गोल्डन प्लोव्हर, कर्ल्यू, आपल्या टिटवीची शेंडीवाली चुलत बहीण लॅपविंग, चंडोल, मेडो पिपिट ही मंडळी उन्हाळ्यात मूरवर घरटी करतात आणि शरद ऋतूतच खालच्या शेतांकडे किंवा समुद्रकाठी उतरतात. खालची जमीनही गोठली तर आणखी पश्चिमेला आणि दक्षिणेला सरकतात. लॅपविंग तर आयर्लंड, फ्रान्सपर्यंत जातात. हिम पडत असताना डोक्यावरून दोन-तीनशे लॅपविंग एका दिशेने मुकाट जाताना दिसले तर ती नेहमीची ये-जा नसते. २०१८च्या फेब्रुवारीअखेर पूर्वेकडून ती कुप्रसिद्ध थंडी आली तेव्हा घात असा झाला की वसंत जवळ आला म्हणून काही पक्षी परत वर यायला लागले होते. त्या आठवड्यात लॅपविंग आणि पाणलावे रस्त्यांच्या कडेला, लोकांच्या अंगणात उभे होते.

आणि जो कुठेच जात नाही तो रेड ग्राऊस. तुम्ही मूरवर जाणार ते याच्यासाठीच.

हा तितराच्या अंगलटीचा, तांबूस-तपकिरी, गोलमटोल पक्षी. उत्तर युरोपातले याचे जवळचे नातेवाईक हिवाळ्यात पांढरे होतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधला हा मात्र बारा महिने तपकिरीच. एरवी हेदरमध्ये बसला तर पायाशी येईपर्यंत दिसत नाही, आणि मग कानाशी फटाका वाजावा तसा उडतो. पण हिम पडला की चारशे मीटरवरून दिसतो, पांढऱ्या चादरीवर ठेवलेल्या वांग्यासारखा. याचं जवळजवळ सगळं खाणं म्हणजे हेदरचे कोवळे शेंडे. हेदर म्हणजे गुडघाभर उंचीचं, काटक, लाकडी खोडाचं झुडूप. कासच्या पठारावर जशी एकाच फुलाची चादर पसरते तशी ऑगस्टमध्ये इथे त्याची जांभळी चादर पसरते. शिकारीच्या मूरवर ग्राऊसला कोवळे शेंडे मिळावेत म्हणून हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळत आले आहेत. हिमात हे पट्टे फार सुंदर उमटतात: जळालेला, आखूड वाढलेला पट्टा पूर्ण पांढरा आणि जुन्या उंच हेदरचा पट्टा करडा-काळा, कारण त्याचे शेंडे हिमाच्या वर राहतात. ग्राऊस कुठे असणार ते त्या नकाशावर लिहिलेलंच असतं.

हिम फार झाला की ते हेदरही बुडतं. मग ग्राऊस मोठ्या थव्यांनी एकत्र येतात आणि वाऱ्याने उघड्या केलेल्या कड्यांवर, नाहीतर खाली मूरच्या सीमेवरच्या भिंतींपाशी उतरतात. असे दिवस आले की ते झाडावर चढलेलेही दिसतात, हॉथॉर्नच्या फांदीवर कसाबसा तोल सांभाळत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कोणीतरी कोंबडी झाडावर ठेवून गेलंय असंच वाटलं होतं.

त्याच्या पायांकडे बघा. बोटांपर्यंत पिसं असतात. शास्त्रीय नावातल्या 'लॅगोपस'चा अर्थच सशाचा पाय. त्यामुळे त्याचा माग कोंबडीसारखा रेखीव उमटत नाही, कडा पुसट असतात. रात्री तो हिमात खळगा करून बसतो. सकाळी तिथे खळगा आणि तळाशी लेंड्यांचा छोटा ढीग सापडतो. आवाज तर तुम्ही चुकवूच शकत नाही. इंग्रज लोक म्हणतात तो 'गो-बॅक, गो-बॅक' म्हणतो. मला विचाराल तर कोणीतरी म्हातारा खोलीत एकटाच हसत बसलाय.

शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होतो आणि १० डिसेंबरला संपतो, त्यामुळे जानेवारीत बंदुकांची काळजी नाही.

याच पांढऱ्या पसाऱ्यात एक प्राणीही बघून घ्या. डोंगरी ससा एकोणिसाव्या शतकात शिकारीसाठी स्कॉटलंडहून इथे आणून सोडला. इंग्लंडच्या मुख्य भूमीवर तो एवढ्याच भागात टिकला आहे. हिवाळ्यात पांढरा होतो, कानांची टोकं तेवढी काळी राहतात. हिमात त्याला शोधणं अवघड. खरी मजा हिम अर्धा वितळल्यावर: काळ्या पीटवर, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या ओलसर मातीवर, पांढरा ससा एखाद्या उडालेल्या पिशवीसारखा दिसतो आणि स्वतःला मात्र अदृश्य समजून निश्चल बसलेला असतो.

आता धरणं. शेफील्ड-मँचेस्टरच्या भोवतीच्या डोंगरांत ती भरपूर आहेत, कारण गिरण्या आणि पोलाद कारखान्यांच्या शहरांना पाणी हवं होतं. त्यातली सगळ्यांत नावाजलेली तीन डरवेंट नदीवर: हाउडन १९१२मध्ये पूर्ण झालं, डरवेंट १९१६मध्ये, आणि लेडीबाउअर, ज्याचं उद्घाटन १९४५मध्ये झालं आणि ज्याच्या पाण्याखाली डरवेंट आणि ॲशप्टन ही दोन गावं गेली. जायकवाडीखाली किती गावं गेली हे माहीत असलेल्या माणसाला त्या पाण्याकडे बघताना काय वाटतं ते मी सांगायला नको.

पण जायकवाडीच्या पक्ष्यांची अपेक्षा मात्र घरी ठेवून या. डोंगरातलं हे पाणी पीटमधून झिरपून येतं, चहासारखं तपकिरी आणि आम्लधर्मी. त्यात पोषण कमी, काठ सरळसोट उतरलेले, उथळ चिखल नाही, पाणवनस्पती जवळजवळ नाहीत. म्हणून वारकरी क्वचित, शेंडी बदकं मोजकी आणि चिखल चाळणारे थापट्यासारखे पक्षी नाहीतच म्हटलं तरी चालेल. इथे चालतं ते मासे खाणाऱ्यांचं. गूसँडर हा इथला राजा. लांबट बदक, करवतीसारख्या दातांची बारीक लाल चोच. नराचं डोकं काळपट हिरवं आणि अंग पांढरं, मादीचं डोकं विटकरी. हाच पक्षी हिवाळ्यात हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांवरही उतरतो. दिवसा हे नद्यांवर विखुरलेले असतात आणि अंधार पडायच्या आधीच्या अर्ध्या तासात दोन-दोन, पाच-पाच करत धरणावर मुक्कामाला येतात. दुपारी दोनला रिकामं दिसणारं पाणी पावणेचारला रिकामं नसतं. दुसरा गोल्डनआय. हा अस्वस्थ पक्षी. तुम्ही दुर्बीण लावेपर्यंत बुडी मारलेली असते. पण हिमाच्या शांततेत त्याच्या पंखांची शीळ ऐकू येते, पक्षी दिसायच्या आधी. तेवढ्यासाठीही मी काठावर उभी राहते.

धरण कधी गोठतं याचा अंदाज बांधता आला तर तुमच्या फेऱ्या वाचतील. पाणी ४ अंशांना सगळ्यांत जड असतं. वरचं पाणी थंड झालं की खाली बसतं आणि खालचं वर येतं, आणि सगळं पाणी ४ अंशांवर आल्याखेरीज पृष्ठभाग गोठायला सुरुवात होत नाही. म्हणून उथळ तळी एका रात्रीत गोठतात आणि खोल धरणांना कडाक्याचे कित्येक दिवस लागतात. शिवाय वारा असेपर्यंत पाणी ढवळत राहतं. हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी खोल धरण बहुतेक उघडंच मिळतं. नंतरच्या तीन-चार निरभ्र, वाराहीन रात्री त्याला झाकतात. शेवटी उरतं ते ओढा येऊन मिळतो तिथलं पाणी, आणि एखादं भोक, जे बदकं सतत पोहत राहिल्यामुळेच उघडं राहतं. खालच्या सपाटीवरची उथळ तळी गोठलेली असताना अशा भोकात एरवी इथे कधी न दिसणारी बदकं येऊन बसतात. म्हणजे धरण जितकं जास्त गोठलेलं तितकी उरलेल्या पाण्याकडे नीट बघायची गरज. बर्फावर उभ्या राहिलेल्या कुरवांचा थवाही सोडू नका. उत्तरेकडून येणारे ग्लॉकस आणि आइसलँड गल, म्हणजे पंखांच्या टोकांना काळं नसलेले कुरव, अशाच थव्यात मिसळून बसतात.

त्या बर्फावर पाऊल मात्र ठेवू नका. कुत्रा गेला, टोपी उडाली, कोणीही हाक मारली तरी नाही. धरणाची पातळी खालीवर होते, बर्फाखाली पोकळी राहते, आणि त्या पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटातच श्वास ताब्यात राहत नाही.

धरणाच्या सांडव्याखाली, ओढ्यात, डिपर शोधा. हा माझा लाडका, त्यामुळे तोल सुटला तर समजून घ्या. चिमणीपेक्षा मोठा, ठेंगणा, गडद तपकिरी आणि छातीवर पांढराशुभ्र रुमाल. दगडावर उभा राहून सारखा गुडघे वाकवतो, आणि मग चालत पाण्यात शिरतो. बुडीही मारतो, पण बऱ्याचदा सरळ चालत. तळाचे दगड उलटून किड्यांच्या अळ्या खातो. वाहतं पाणी गोठत नाही तोवर याला हिमाचं सोयरसुतक नाही. सगळे पक्षी मुके झालेले असताना, काठावर हातभर हिम असताना, हा जानेवारीत गातो, कारण त्याने नदीचा तुकडा आत्ताच राखायला घेतलेला असतो. दगडावरचा हिमाचा गोळा मध्येच गायला लागला तर दचकू नका.

ओढ्यांइतकेच महत्त्वाचे डोंगरउतारावरचे झरे. जमिनीतून वर येणारं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी उबदार असतं, त्यामुळे झऱ्याच्या तोंडाशी हिरव्या शेवाळाचा ताटाएवढा तुकडा उघडा राहतो. पाणलावा तिथे चोच खुपसून बसलेला असतो. छोटा पाणलावा असेल तर स्प्रिंग लावल्यासारखा वरखाली होत असतो. रेनसारखे किडे खाणारे चिमुकले पक्षीही अशाच जागी. रेनचे हिवाळ्यात फार हाल होतात. १९६२-६३चा हिवाळा इंग्लंड-वेल्समध्ये १७४०नंतरचा सगळ्यांत थंड होता आणि त्यात रेन आणि खंड्या यांची संख्या पार कोसळली. ऊब राखायला ते रात्री एकमेकांना चिकटून झोपतात. १९६९मध्ये नॉर्फकमधल्या एका घरट्याच्या पेटीत एकसष्ट मोजले होते. पेटी टिट या छोट्या पक्ष्यासाठी केलेली, म्हणजे केवढी ते ओळखा.

आता प्रकाशाबद्दल, कारण हिमात सगळ्यांत जास्त चुका याने होतात आणि पुस्तकांतली चित्रं इथे उपयोगी पडत नाहीत. एरवी पक्ष्यावर उजेड वरून पडतो आणि पोट सावलीत असतं. हिमात उजेड खालूनही येतो. उडणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या पंखांची खालची बाजू दिवा लावल्यासारखी उजळते, इतकी की नेहमीचा बझर्ड ओळखू येत नाही. २०१०च्या डिसेंबरात, त्या भयंकर थंडीत, मी एका कड्यावरून रफ-लेग्ड बझर्ड, म्हणजे इथे क्वचित येणारा त्याचा भाऊबंद, पाहिला असं मला वाटलं. फिकट अंग, पोटावर गडद डाग, एका जागी फडफडत थांबणं, सगळं जुळत होतं. चार जणांना फोन केले. दोघं बिचारे मँचेस्टरहून हिमातून गाडी हाकत आले. मग तो पक्षी वळला आणि शेपटी दिसली: बुडाशी पांढरी नाही, टोकाला रुंद काळा पट्टा नाही. साधा बझर्ड, खालून उजळलेला. वाऱ्यात साधे बझर्डही एका जागी थांबतात हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या दोघांपैकी एक अजूनही भेटला की आधी शेपटीची चौकशी करतो.

याच्या उलट, पांढरे पक्षी हिमात पांढरे राहत नाहीत. हंस पिवळट दिसतो, नर गूसँडरची बाजू सायीसारखी वाटते. आणि आकाराचा अंदाज तर पूर्ण सुटतो, कारण शेजारी मोजायला झाड, कुंपण काहीच नसतं. रेव्हन हा मोठा कावळा की साधा कावळा ते आकारावरून ठरवू नका; शेपटी पाचरीसारखी आहे का ते बघा, आवाज ऐका.

शिकारी पक्ष्यांपैकी आखूडकानी घुबड तुमच्या ओळखीचं असेल. आपल्या गवताळ माळांवर ते हिवाळ्यात येतं. इथे ते दिवसाढवळ्या हेदरवरून लांब पंखांनी वल्हवल्यासारखं फिरतं. हिमाखाली उंदीर सुखरूप बोगद्यांतून हिंडत असतात आणि वर कडक कवच धरलं की घुबडाला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, म्हणून फार दिवस हिम राहिला तर घुबडं खाली उतरतात. हेन हॅरियर म्हणजे भोवत्यांपैकी एक. दिसला तर नशीब. आणि दिसला तर ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका, संध्याकाळी उतरण्याची जागा तर मुळीच नाही. ग्राऊसच्या मूरवर या पक्ष्याला बेकायदा मारण्याचा इतिहास मोठा आहे आणि तो संपलेला नाही. मर्लिन हा खरुचीपेक्षा छोटा ससाणा, भिंतीवर बसलेला. लहान पाखरं खाली गेली की तोही जातो.

रोवन आणि हॉथॉर्नवर फळं उरली असतील तर तिथे फील्डफेअर आणि रेडविंग हे उत्तरेकडून आलेले कस्तूर थव्याने असतात. पाइनच्या लागवडीत क्रॉसबिल, जो फेब्रुवारीत हिमातही अंड्यांवर बसतो. वॅक्सविंग हवा असेल तर मूरवर वेळ घालवू नका. काही वर्षी तो मोठ्या संख्येने येतो आणि तेव्हा सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या शोभेच्या रोवनवर बसतो. डोंगर चढून आल्यावर हे कळलं की फार राग येतो.

तर शनिवारचं काय करायचं? शनिवारी हिम पडतोय, तर शनिवारी जाऊ नका. पडत्या हिमात ना पक्षी दिसत ना वाट. रविवारी आभाळ मोकळं आणि वारा कमी असेल तर सकाळी निघा. पहिल्या खेपेला किंडर, ब्लीकलो या उंच पठारांची नावं मनातून काढा. रेडमायर्सला जा. शहराच्या पश्चिमेला लॉज मूर या उपनगरापर्यंत सिटी बस जाते आणि तिथून डांबरी रस्त्याने चालत पोचता येतं. बस हिमात वेळापत्रक पाळत नाही, कधी वरपर्यंत जातच नाही, म्हणून निघताना बघून घ्या. तिथे एकापाठोपाठ तीन जलाशय, वरच्या अंगाला उघडा मूर, बाजूला झाडांची लागवड. रस्ता न सोडता वर सांगितलेल्यातलं बरंच दिसू शकतं, आणि सोबत कोणी नसेल तर रस्ता न सोडणं हीच माझी अट. दुसऱ्या खेपेला कोणाच्या तरी गाडीतून लेडीबाउअरच्या वरच्या अंगाला फेअरहोम्सला जा. डरवेंट आणि हाउडनच्या काठाने रस्ता जातो आणि डिपरसाठी ती जागा चांगली. स्नेक पास हा घाटरस्ता हिमात बंद होतो, त्याच्या भरवशावर काही ठरवू नका.

डिसेंबरअखेर इथे सकाळी सव्वाआठच्या सुमारास उजाडतं आणि चारच्या आत सूर्य मावळतो. पहिले दोन तास पक्षी भुकेने उघड्यावर असतात, शेवटचा तास धरणासाठी. मधल्या वेळात थर्मास उघडा, आणि आकाशाकडेही कान ठेवा. जानेवारीत नॉर्फककडून लँकेशरकडे परतणारे पिंक-फुटेड गीझ पेनाइन्स ही डोंगररांग ओलांडतात. निरभ्र सकाळी शेकड्यांची माळ वायव्येकडे सरकताना दिसते, आवाज आधी येतो.

धोक्याबद्दल एकच गोष्ट सविस्तर सांगते, कारण आपल्याकडून आलेल्या माणसाला ती सुचत नाही. सह्याद्रीत धोका कड्याचा असतो, तो दिसतो. पीटच्या पठाराच्या मधल्या भागात कडा नाही, पण पाण्याने कोरलेल्या पुरुषभर खोल घळी आहेत, त्यांना इथे ग्रफ म्हणतात. वारा त्या हिमाने काठोकाठ भरतो आणि वरून सगळं सपाट दिसतं. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात मी एका ग्राऊसच्या मागे वाट सोडून वीस पावलं गेले आणि छातीपर्यंत आत. खाली पाणी वाहत होतं, बुटात शिरलं. बाहेर पडायला दहाच मिनिटं लागली असतील, पण ओल्या पायांनी खाली उतरेपर्यंत बोटं लाकडं झाली होती. तेव्हापासून पक्षी वाटेवरून दिसतो तेवढाच माझा.

उंचीमुळे दर १५० मीटरला साधारण एक अंश तापमान घटतं, म्हणजे शहरातल्या दोन अंशांचे रेडमायर्सला शून्य होतात, आणि वारा त्यात स्वतःचं घालतो. सुती कपडे नकोत, जीन्स तर नकोच. थरावर थर, वारा अडवणारं जाकीट, दोन जोड्या हातमोजे, डोक्याला दिवा, कागदी नकाशा: ऑर्डनन्स सर्व्हे (ओएस) या नकाशा संस्थेचा ओएल१, डार्क पीक. थंडीत फोनची बॅटरी बघता बघता संपते, तो आतल्या खिशात ठेवा. मदत लागली तर ९९९ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. फोन नसेल तर शिट्टी, मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. परत यायची वेळ कोणाला तरी सांगून निघा. खाण्याला डिंकाचा लाडू सगळ्यांत उत्तम. चिक्की नेऊ नका, तिथे दातांची परीक्षा होते.

दुर्बिणीबद्दल: भिंगावर श्वास सोडू नका, ती जाकिटाच्या आत ठेवू नका, आणि घरी आल्यावर पिशवीतच तासभर राहू द्या, नाहीतर आतबाहेर दव धरतं. फोटो काढत असाल तर उजेड एक ते दीड स्टॉप वाढवा. कॅमेऱ्याला हिम करडाच करायचा असतो.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही पण सांगायलाच हवं असं. पाच-सहा ग्रॅमचा गोल्डक्रेस्ट रात्र काढताना शरीरातली चरबी जाळतो आणि साडेसात तासांच्या दिवसात ती परत भरायची असते. झऱ्यावरचा पाणलावा तुम्ही उडवलात तर त्याला दुसरा झरा शोधावा लागतो, आणि कदाचित तो दोन मैलांवर असतो. म्हणून काळ्या तुकड्याच्या जवळ जायचं नाही. भिंतीला टेकून उभे राहा, आकार लपवा, पक्षी स्वतःहून हलेपर्यंत हलू नका. गाडी मिळाली तर गाडीतूनच बघा, फक्त हीटर बंद आणि काच खाली, नाहीतर गरम हवेने चित्र लहरत राहतं.

रेडमायर्सला पोचलात की तिन्ही जलाशयांवर किती पाणी उघडं आहे ते वहीत लिहा, आणि साडेतीनपासून अंधार पडेपर्यंत उतरणारे गूसँडर नर-मादी वेगळे मोजा. एकही आला नाही तर शून्य लिहा, तोही आकडाच आहे. रविवारी मी माझ्या धरणावर असेन; संध्याकाळी तुमचा आकडा कळवा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघू.